पाटी आणि पासबुक

रात्री दहानंतर फोन वाजला की आमच्या पिढीच्या काळजात अजून धस्स होते. २०२५ च्या जुलैअखेरीस असाच एक फोन आला. नाशिकहून पुतण्या बोलत होता. घरात सगळे सुखरूप आहेत हे त्याने आधी सांगितले आणि मग म्हणाला, ‘‘काका, उद्या पाचच्या आत पसंतीक्रमाचा फॉर्म भरायचाय. एक नंबरला काय टाकू?’’

प्रश्न त्याच्या मुलीचा, म्हणजे माझ्या नातीचा होता. सीईटीत तिला चांगले गुण पडले होते, पण पुण्याच्या सीओईपीत हवी ती शाखा मिळावी इतके नव्हते. आता दोन वाटा उरल्या होत्या. एक, पुण्यातलीच एक खासगी संस्था. नाव सर्वतोमुखी, इमारत काचेची, आणि वसतिगृह-मेस धरून चार वर्षांचा खर्च अठरा लाख. दुसरी, कऱ्हाडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, शाखा इलेक्ट्रिकल. तिथे राहण्या-जेवण्यासकट सगळे पाच लाखांच्या आत बसत होते. पुतण्याने मुलीच्या शिक्षणासाठी आठ लाख बाजूला ठेवलेले. पुण्याला जायचे तर वरचे दहा लाख बँकेचे.

‘‘काका, फी एकदाच भरायची असते, पाटी आयुष्यभर चिकटते,’’ पुतण्या म्हणाला. मागून सूनबाईंचा आवाज आला, ‘‘आणि उद्या लग्न जमवतानासुद्धा कऱ्हाड म्हटलं की लोक विचारतात, पुण्यात नाही मिळालं वाटतं?’’ मुलगी काय म्हणते, असे मी विचारले. ती झोपली होती.

मला हे विचारण्याचे कारण माझ्या कादंबऱ्या नव्हेत. त्या आमच्या नात्यात फारशा कुणी वाचलेल्या नाहीत. कारण असे की मी १९८१ साली बँकेत लागलो, २०१८ साली निवृत्त झालो आणि त्यातली बरीच वर्षे कर्ज देणाऱ्या खुर्चीवर बसलो. त्या खुर्चीसमोर जून-जुलैत जी गर्दी होते तिच्यात बाप असतो, मुलगा किंवा मुलगी असते आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेले प्रवेशपत्र असते. त्या पत्रावरचे बोधचिन्ह सगळ्यांनी आधी पाहिलेले असते, आणि पत्राच्या मागच्या पानावरचा फीचा तक्ता बहुतेकांनी घाईत. मी सल्ला द्यायला लायक आहे की नाही, हे पुढे जे सांगणार आहे त्यावरून वाचकांनीच ठरवावे.

आधी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. आपल्याकडे नाव आणि किंमत यांचे नाते मुळात उलटे होते. अमेरिकेत साधारणपणे जे नामांकित ते महाग. महाराष्ट्रात पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय १८५४ चे, मुंबईचे व्हीजेटीआय १८८७ चे, यूडीसीटी, म्हणजे आजची रसायन तंत्रज्ञान संस्था, १९३३ ची आणि व्यवस्थापन शिकवणारी जमनालाल बजाज संस्था १९६५ ची. या ठिकाणी प्रवेश मिळणे महाकठीण, पण मिळाला तर खर्च खासगी संस्थांच्या मानाने बेताचा. त्यांचे नाव सरकारच्या किंवा विद्यापीठाच्या पैशाने, दानशूरांच्या देणग्यांनी आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या विद्यार्थ्यांनी घडवले. म्हणून ज्याला सीओईपी किंवा व्हीजेटीआय मिळाले त्याच्या घरी हा पेचच येत नाही. पेच येतो तो थोडक्यात हुकलेल्यांच्या घरी. आणि नेमक्या त्या थोडक्यात हुकलेल्यांसाठीच ‘नावा’चा बाजार भरतो.

हा बाजार १९८३ पासूनचा. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. त्याआधी आपली मुले पैसे मोजून कर्नाटकात जात होती, तेव्हा गरज खरी होती, आणि त्या महाविद्यालयांतून शिकलेल्या शेतकऱ्यांच्या, शिक्षकांच्या मुलांनी पुढे कारखाने उभे केले, परदेश पाहिले, हेही नाकारता येणार नाही. पण देणगीचा आकडा चिठ्ठीवर लिहून सांगायची रीतही तेव्हाच रुळली. १९८७ साली राज्याने कॅपिटेशन फीला कायद्याने बंदी घातली. पुढे सर्वोच्च न्यायालयात १९९३ चा उन्नीकृष्णन खटला, २००२ चा टीएमए पै, २००५ चा इनामदार, अशी निकालांची माळ लागली. त्या सगळ्याच्या शेवटी २०१५ च्या कायद्याने शुल्क नियामक प्राधिकरण आले. संस्थेने आपला खर्च दाखवायचा आणि त्यावरून फी ठरायची, अशी ही पद्धत. यातली मेख पालकांच्या लक्षात येत नाही. फी जास्त याचा अर्थ संस्थेचा खर्च जास्त, इतकाच होतो. तो खर्च शिक्षकांच्या पगारावर झाला की संगमरवरावर, हे फीच्या आकड्यातून कळत नाही. तरीही बाप माझ्यासमोर बसून म्हणायचे, ‘‘साहेब, एवढी फी आहे म्हणजे कॉलेज चांगलंच असणार.’’ साडीच्या दुकानात हाच माणूस पदर उलटून पाहतो.

पुतण्याला मी त्या रात्री पहिली गोष्ट केली ती कागद-पेन्सिल घ्यायला लावले. शैक्षणिक कर्जाचा हिशेब लोकांना माहीत नसतो, कारण तो बँका नीट सांगत नाहीत. (मीही कधी कधी सांगितला नव्हता.) शिकत असताना आणि त्यानंतरचे एक वर्ष हप्ता नसतो, एवढेच पालकांच्या कानात शिरते. हप्ता नसतो, पण व्याज असते. दरवर्षी अडीच लाख असे चार वर्षांत दहा लाख उचलले आणि व्याजाचा दर दहा टक्के धरला, तर पहिले अडीच लाख पाच वर्षे व्याज खात बसतात, दुसरे चार वर्षे, तिसरे तीन, चौथे दोन. सरळ व्याजानेसुद्धा हे साडेतीन लाख होतात. म्हणजे मुलीचा पहिला हप्ता सुरू होईल तेव्हा डोक्यावर दहा नव्हे, साडेतेरा लाख असतात. ते दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता सतरा हजार आठशेच्या आसपास, एकूण भरणा एकवीस लाखांच्या वर. पंधरा वर्षे मुदत घेतली तर हप्ता साडेचौदा हजारांवर येतो, पण भरणा सव्वीस लाखांच्या पुढे जातो. व्याजावर आयकरात सवलत मिळते ती आठ वर्षे, आणि तीही जुन्या पद्धतीने कर भरणाऱ्याला.

‘‘आता,’’ मी म्हणालो, ‘‘त्या संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मधल्या मुलीचा पहिला पगार किती?’’

‘‘गेल्या साली एकाला चव्वेचाळीस लाखांचं पॅकेज मिळालं म्हणे.’’

‘‘पहिल्या मुलीचा नाही विचारला. मधल्या.’’

ते त्याला ठाऊक नव्हते. जाहिरातीत सर्वोच्च पगार छापतात. सरासरीसुद्धा फसवी, कारण चव्वेचाळीस लाखवाला एकटा साऱ्या वर्गाची सरासरी खांद्यावर उचलून धरतो. पाहायचा तो मधला आकडा, म्हणजे ज्याच्या वर निम्मी मुले आणि खाली निम्मी. २०१६ पासून केंद्र सरकारची एनआयआरएफ क्रमवारी निघते आणि तिच्यासाठी संस्थांना किती मुले शेवटच्या वर्षात होती, किती नोकरीला लागली आणि त्यांचा मधला पगार काय, हे लिहून द्यावे लागते. ते कागद कुणालाही पाहायला मिळतात. आपल्याकडे क्रमांक पाहतात, कागद पाहत नाहीत. तसेच नॅकचे. नॅकची श्रेणी साऱ्या संस्थेला मिळते, एनबीएची मान्यता शाखेला. मुलगी संस्थेत शिकत नाही, शाखेत शिकते. आणि श्रेण्यांवर डोळे मिटून विसंबावे असेही नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत नॅकच्या तपासणी समितीवरच्या प्राध्यापकांना लाच घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयने अटक केली होती.

इथवर वाचून कुणाला वाटेल की हा निवृत्त बँकवाला आता स्वस्त ते मस्त म्हणणार. तसे म्हणता आले असते तर बरे झाले असते. पण २००७ सालच्या एका उन्हाळ्याने माझी ती सोय काढून घेतली आहे.

मी तेव्हा फलटणला शाखाधिकारी होतो. जूनच्या एकाच आठवड्यात दोन प्रकरणे समोर आली, दोन्ही एमबीएची. पहिले एका माध्यमिक शिक्षकांच्या मुलाचे. पुण्यातली एक नवी व्यवस्थापन संस्था, माहितीपुस्तिका अशी गुळगुळीत की हातातून निसटावी, दोन वर्षांचे सात लाख. चार लाखांच्या वर कर्ज द्यायचे तर जामीनदार लागे. गुरुजींनी आपल्याच शाळेतले सहकारी आणले. दोन कायम पगार, दोन भविष्यनिर्वाह निधी, कागद चोख. संस्थेच्या नावाविषयी मी एक प्रश्न विचारला नाही. मला परतफेडीची हमी मुलाच्या शिक्षणात शोधायचीच नव्हती, ती जामीनदाराच्या पगारपत्रकात मिळाली होती. तीन दिवसांत कर्ज मंजूर केले. गुरुजींनी कंदी पेढे आणून दिले.

दुसरे प्रकरण एका बाईंच्या मुलीचे. बाई एसटी स्टँडजवळ खानावळ चालवत. नवरा वारलेला. मुलगी बी.कॉम.ला विद्यापीठात वरच्या नंबरात होती आणि देशपातळीवरची परीक्षा देऊन एका अशा संस्थेत निवडली गेली होती की जिचे नाव बँकेच्या प्रशिक्षण केंद्रात आमचे व्याख्याते आदराने घेत. खर्च सहा लाख. जामीनदार नव्हता. मामाने हात वर केले होते. खानावळीला ना हिशेबाच्या वह्या, ना आयकराचे विवरण.

आमच्याकडे दंडक असा होता की शैक्षणिक कर्जाचा अर्ज नाकारायचा तर वरिष्ठ कार्यालयाच्या संमतीने नाकारायचा. नियम विद्यार्थ्याच्या भल्यासाठी केलेला. पण त्यातून आम्ही शाखाधिकाऱ्यांनी पळवाट काढली होती. अर्ज नाकारायला नको म्हणून अर्ज घ्यायचाच नाही. समोरच्याला चहा द्यायचा आणि समजूत घालायची. मी तेच केले. ‘‘ताई, एवढा बोजा पोरीच्या डोक्यावर कशाला? उद्या लग्न करायचंय. साताऱ्याला एमबीए होतंच की. लाखभरात काम होईल, पोरगी डोळ्यांसमोर राहील.’’ बाई बोलल्या नाहीत. मुलगी एकदा म्हणाली, ‘‘सर, तिथल्या मुलांना नोकऱ्या लागतात, मी यादी आणलीय.’’ यादी तिने खरोखरच आणली होती, वहीच्या कागदावर हाताने उतरवलेली. मी ती पाहिली नाही. मला वर एक शिफारसपत्र लिहिता आले असते. जामिनाची अट शिथिल करा, मुलीची निवडच तिची पत आहे, असे चार ओळींत सांगता आले असते. त्या वर्षी माझी बढतीची मुलाखत होती आणि थकीत कर्जाचा एक जादा आकडा मला नको होता. खरे कारण एवढेच.

पुढचे थोडक्यात सांगतो. २००८ च्या सप्टेंबरात अमेरिकेत लेहमन बुडाली आणि २००९ साली पदव्या घेऊन बाहेर पडलेल्या मुलांना त्याची झळ बसली. जुन्या, खऱ्या नावाच्या संस्थांत कंपन्या कमी आल्या, पण आल्या. गुरुजींच्या मुलाच्या संस्थेत जवळपास कुणी फिरकले नाही. तो अकरा हजारांवर विमा विकू लागला आणि हप्ता होता पंधरा हजारांच्या वर. नव्वद दिवस थकले की खाते अनुत्पादक ठरते. बदली होऊन फलटण सोडण्याआधी मी ज्या शेवटच्या काही कागदांवर सह्या केल्या त्यांत त्या जामीनदार शिक्षकांना पाठवलेली नोटीस होती. दोघे गुरुजी पंचवीस वर्षे एका डब्यात जेवलेले. नंतर कळले की कर्ज फिटले, ते पहिल्या गुरुजींच्या निवृत्तीच्या पैशांतून, आणि दोघांचे बोलणे त्याआधीच बंद झाले होते.

खानावळवाल्या बाईंची मुलगी साताऱ्याला शिकली. २०१९ साली फलटणला एका ग्रंथालयाच्या कार्यक्रमाला गेलो तेव्हा ती भेटायला आली. एका पतसंस्थेची शाखा सांभाळते, संसार आहे, मुलगी आहे, आईची खानावळ आता आत्याचा मुलगा चालवतो. अगदी चांगले चालले आहे. मी ओशाळून जुना विषय काढला. ती शांतपणे म्हणाली, ‘‘सर, तुमचं गणित चूक होतं असं मी म्हणत नाही. पण तुम्ही मला फॉर्म द्यायला हवा होता.’’

एकाच आठवड्यात एकाच खुर्चीवरून मी एकाला खोट्या नावासाठी कर्ज दिले आणि दुसरीला खऱ्या नावापासून परावृत्त केले. दोन्ही वेळा मी संस्थेकडे पाहिले नाही, घरच्या परिस्थितीकडे पाहिले, आणि तीही उलटीकडून पाहिली.

उलटीकडून म्हणजे काय ते मला फार उशिरा एका वाचनातून उमगले. स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर या अमेरिकन अभ्यासकांनी २००२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. नामवंत महाविद्यालयातून शिकलेले जास्त कमावतात हे तर दिसतेच, पण ते महाविद्यालयामुळे की मुळात मुलेच हुशार असल्यामुळे? हे तपासायला त्यांनी अशा मुलांची तुलना केली ज्यांना साधारण सारख्याच दर्जाच्या ठिकाणी प्रवेश मिळत होता, पण काही नामवंत ठिकाणी गेली आणि काही कमी नामवंत ठिकाणी. पुढच्या कमाईत बहुतेकांच्या बाबतीत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. अपवाद होता गरीब घरांतल्या मुलांचा. त्यांना नामवंत ठिकाणी गेल्याचा फायदा झाला होता.

अभ्यास तिकडचा आहे, आपल्याकडे जसाच्या तसा लावता येणार नाही. पण कर्जखिडकीमागे बसलेल्या माणसाला तो वाचताना चेहरे दिसतात. ज्या घरात बाप इंजिनिअर, काका बँकेत, मावसभाऊ बंगळूरला, त्या घरातल्या मुलीला पहिली नोकरी मिळवताना चार फोन करणारी माणसे असतात. संस्थेचे नाव तिच्यासाठी पाचवा फोन. खानावळीतल्या मुलीला ओळखणारे स्टँडवरचे कंडक्टर. तिच्यासाठी संस्थेचे नाव हाच एकमेव फोन असतो. जिला नावाची खरी गरज तिच्याच घरात ते विकत घ्यायची ऐपत नसते, आणि बँकेचा जामीनही नसतो. ज्यांना ऐपत असते ते ते शोभेसाठी घेतात. मी अनेक वर्षे शोभेला कर्ज दिले आणि गरजेला चहा पाजला.

म्हणून ‘नाव की खर्च’ या प्रश्नाचे सगळ्यांना लागू पडेल असे एक उत्तर माझ्यापाशी नाही. ज्याच्या घरात पहिलाच पदवीधर होतो आहे आणि ज्याला खऱ्या नावाच्या ठिकाणी, स्वतःच्या गुणांवर प्रवेश मिळाला आहे, त्याने खर्चाला भिऊ नये, कर्ज काढावे. आता तर २०२४ च्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेने निवडक नामांकित संस्थांत गुणवत्तेवर प्रवेश मिळालेल्यांना तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळायची सोय केली आहे, आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना, दुसरी सवलत किंवा शिष्यवृत्ती नसेल तर, दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात तीन टक्क्यांची मदत. अर्ज संगणकावर करायचा असतो, कुणी चहा पाजून परत पाठवू शकत नाही. २००७ साली हे असते तर, असे माझ्या मनात येते. असो.

पण नाव खरे आहे का, हे पाहण्याची जबाबदारी मात्र घरच्यांचीच. माझी स्वतःची पद्धत साधी आहे. प्रवेशफेऱ्यांच्या याद्या प्रसिद्ध होतात, त्यांत प्रत्येक शाखेत शेवटचा प्रवेश किती गुणांवर झाला ते असते. मागच्या चार-पाच वर्षांच्या याद्या शेजारी ठेवाव्यात. हुशार मुले कुठे जात आहेत आणि कुठून हळूहळू निघून जात आहेत, ते जाहिरातीपेक्षा तिथे आधी कळते. दुसरे, तिसऱ्या वर्षातल्या मुलांना भेटावे. पहिल्या वर्षातली मुले हरखलेली असतात, शेवटच्या वर्षातली घाबरलेली. तिसऱ्या वर्षातली खरे बोलतात. प्रयोगशाळेत यंत्राला हात लावायला मिळतो की लांबून पाहावे लागते, शिक्षक वर्षाच्या मध्यात सोडून जातात का, एवढेच विचारावे. प्राचार्यांची केबिन पाहू नये. ती सगळीकडे चांगलीच असते.

आणखी एक गोष्ट घाईत राहून जाते. एकाच वर्गात, एकाच बाकावर बसलेल्या दोन मुलांनी वेगवेगळे पैसे भरलेले असतात. सरकारी प्रवेशफेरीतून आलेल्याला उत्पन्नाच्या मर्यादेत राजर्षी शाहू महाराज योजनेतून निम्म्या शिक्षणशुल्काची सवलत मिळू शकते. २०२४-२५ पासून आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना तर प्रवेशफेरीतून आल्यास शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. व्यवस्थापन कोट्यातून आलेल्याला यातले काही नाही. ‘एकदा आत शिरू, मग बघू’ म्हणून कोट्यातली जागा घेणारे बाप मी पाहिले आहेत. सवलतीचा दरवाजा आपण मागे लावून आलो, हे त्यांना दुसऱ्या वर्षीची पावती हातात पडल्यावर कळायचे.

दहावीनंतर तंत्रनिकेतनात तीन वर्षांची पदविका करून थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घ्यायचा, ही वाटही मध्यमवर्गाने का टाकून दिली, मला समजत नाही. त्या वाटेने सीओईपीत गेलेली मुले मी पाहिली आहेत. पण पदविका म्हटले की सोसायटीत नाक मुरडतात. यावर पुन्हा कधीतरी.

पुतण्याला मी त्या रात्री हे सगळे सांगितले नाही. फलटणचे तर मुळीच सांगितले नाही. एवढेच म्हणालो की तू स्वतः इंजिनिअर आहेस, तुझे वीस मित्र कारखान्यांत वरच्या जागांवर आहेत, तुझ्या मुलीला पाटीची गरज कमी आहे. कऱ्हाडचे महाविद्यालय १९६० चे आहे, ते कुणी काल उघडलेले दुकान नाही. तरी तो कुरकुरत होता. एवढ्यात फोन मुलीने घेतला. ती झोपलेली नव्हतीच.

‘‘आजोबा, कर्ज कोणाच्या नावावर असतं?’’

‘‘तुझ्या. बाबा सहकर्जदार.’’

‘‘आणि हप्ते कधी सुरू होणार?’’

‘‘२०३० मध्ये.’’

‘‘बाबा तर २०३१ ला रिटायर होतात.’’

यावर पलीकडे काही वेळ कुणी बोलले नाही. पहिल्या पसंतीची जागा मिळाली तर ती घ्यावीच लागते, तेव्हा एक नंबरला जे लिहिशील ते विचार करून लिही, एवढे सांगून मी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी साडेचारला तिने फॉर्म भरला. पहिले कऱ्हाड, पुण्याची खासगी संस्था तिसरी. कऱ्हाड मिळाले. पुतण्या माझ्याशी गणपतीपर्यंत नीट बोलला नाही. गणपतीत सगळे आमच्याकडे आले तेव्हा मुलीला विचारले, कसे आहे? म्हणाली, मेसची आमटी पातळ आहे, एका प्रयोगशाळेतले यंत्र बाबांच्या वयाचे आहे, पण बिघडले की सर ते मुलांकडूनच उघडून घेतात. उरलेल्या पैशांची ठेव किती मुदतीची करावी, हे तिने मला बाजूला घेऊन विचारले. तिला पुढे एम.टेक. करायचे आहे म्हणे, आणि त्या वेळी खर्च पाहायचा नाही असे तिने आत्ताच ठरवले आहे.

सूनबाईंनी मात्र अजून आशा सोडलेली नाही. दुसऱ्या वर्षी बदली घेऊन पुण्याला जाता येते का, असे त्यांनी निघताना चपला घालता घालता विचारले. नियम बघून सांगतो, असे मी म्हणालो आहे.